दुसरा दहा

गेल्या तीस वर्षांत आपण चारशेहून जास्त विषांना परवानगी दिली, असं डॉ. शर्मिष्ठा रेवाळे गमतीनं सांगत, आणि समोरचा दचकला की मग नीट समजावून सांगत. कीटकनाशक असो, भिंतीचा रंग असो, खेळण्यांवरचा मुलामा असो, हवेत किंवा पाण्यात ते अमुक एवढं असलं तर चालेल, त्याच्या वर नको, असं अहवालात लिहायचं आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. विषशास्त्रज्ञ हा शब्द ऐकून लोकांना रहस्यकथा आठवत. प्रत्यक्षात दिवसभर आकडे असत, आणि संध्याकाळी डोळे दुखत.

२०४७ च्या फेब्रुवारीत बाणेरच्या ऑफिसात निरंजन देवस्थळी त्यांच्या टेबलाशी येऊन बसला. तो या सल्लागार कंपनीचा प्रमुख होता, पण पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली काम शिकलेला, त्यामुळे अजूनही खुर्चीच्या कडेवरच बसायचा.

"मॅडम, सोनखाडीच्या बॅटरी कारखान्याचं काम आलंय. टेरोनिल."

शर्मिष्ठाबाईंनी चष्मा काढला. "टेरोनिल? ते तर आमच्या पिंगेसरांनी ठरवलेलं आहे. पाच."

"पाच जुने झाले. त्यांना वीस हवेत. आणि खरं सांगू, विज्ञान त्यांच्या बाजूनं आहे."

टेरोनिल म्हणजे गाड्यांच्या बॅटऱ्या सीलबंद करणाऱ्या गोंदातलं एक रसायन. गोंद वाळताना त्याची वाफ हवेत मिसळते. वास जवळजवळ नसतो. जास्त प्रमाणात वर्षानुवर्षं श्वासात गेलं तर फुप्फुसं हळूहळू ताठरतात, आणि लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

असल्या पदार्थाची सुरक्षित मर्यादा ठरवण्याची रीत शंभर वर्षं जुनी होती. उंदरांना किती दिलं तर काहीच होत नाही ते आधी पाहायचं. टेरोनिलच्या बाबतीत तो आकडा होता घनमीटर हवेमागे पाचशे मायक्रोग्रॅम. मग त्याला दहानं भागायचं, कारण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. आले पन्नास. मग पुन्हा दहानं भागायचं, कारण सगळी माणसं सारखी नसतात. कुणाचं यकृत चपळ, कुणाचं मंद. आले पाच.

हा दुसरा दहा शर्मिष्ठाबाईंना पहिल्यांदा समजला तो २०१३ साली. त्या तेवीस वर्षांच्या होत्या, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नुकत्याच लागलेल्या. डॉ. हरिश्चंद्र पिंगे त्यांचे प्रमुख. पन्नाशीचे, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हाताला कायम खडू लागलेला. त्यांनी फळ्यावर ५०० लिहिलं, खाली दोन वेळा भागाकार केला आणि वळून विचारलं, "हा दुसरा दहा कुणासाठी?"

"संवेदनशील लोकसंख्येसाठी," शर्मिष्ठानं पुस्तकातलं उत्तर दिलं.

"लोकसंख्येला फुप्फुस नसतं. माणसाला असतं," पिंगेसर म्हणाले. "जगात कुठंतरी एक माणूस आहे, जो सगळ्यांत कच्चा आहे. तो कोण, आपल्याला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. हा दहा त्याच्यासाठी."

आता तो माहीत होऊ शकत होता. निरंजनच्या बोलण्याचा रोख तोच होता.

बोटाच्या टोकाचं थोडं रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत न्यायचं, म्हणजे गर्भात असतात तशा, काहीही होऊ शकतील अशा. मग त्यांतून त्या माणसाचं यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड यांचे तांदळाएवढे तुकडे वाढवायचे आणि बारीक नळ्यांनी जोडून काचेच्या एका चपट्या तबकडीवर बसवायचे. तीन आठवड्यांत त्या माणसाची एक छोटी, मुकी प्रतिकृती तयार होते. तिच्यावर हवं ते रसायन सोडायचं आणि कुठल्या प्रमाणाला ती कोमेजते ते पाहायचं. म्हणजे त्या माणसाची स्वतःची मर्यादा कळली. त्यात उंदीरही नको आणि अंदाजही नको. कंपन्यांनी तिला 'प्रतिदेह' असं भारदस्त नाव दिलं होतं. कामगार तिला पाटी म्हणत, कारण ती तशीच दिसे, आणि तिच्यावरून निघणाऱ्या आकड्यालाही पाटीच म्हणत.

पाच वर्षांत पाटी घरोघरी पोचली होती. कुठलं औषध सोसेल ते डॉक्टर पाटीवरून ठरवत. कारखान्याच्या गावांमध्ये लग्न ठरवताना पत्रिकेच्या आधी पाटी विचारत. "मुलाची पाटी नव्वद आहे" हे सांगताना आयांचे आवाज चढत.

"सोनखाडीत एकशेचाळीस कामगार आहेत," निरंजन म्हणाला. "एकशेएकतीस जणांची पाटी वीसच्या वर, बहुतेकांची कितीतरी वर. दोन वर्षांच्या तात्पुरत्या परवानगीनं तिथली हवा वीसवर चालवतायत. बॅटऱ्यांची मागणी दुप्पट झाली, पंखे पुरत नाहीत. कुणालाही काही झालेलं नाही. त्यांना कायमची मान्यता हवीय, आणि ती मिळाली की सगळ्या रसायनांना हाच नियम लागू होईल. तुमच्या सहीला वजन आहे."

"आणि उरलेले नऊ?"

"त्यांना आत सोडत नाहीत. म्हणजे तेही सुरक्षितच. मॅडम, शंभरानं भागणं हे आपल्या अज्ञानाचं मोजमाप होतं. आता माहिती आहे, तर अज्ञान कशाला धरून ठेवायचं?"

यात चूक काढता येईना. शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, "कारखाना बघितल्याशिवाय सही करत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण आता पाटीशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. तुम्हालाही रक्त द्यावं लागेल."

त्यांनी ते दिलं. निकाल परस्पर कारखान्याकडे जायचा होता. तोवर त्यांनी पाटी कधी केली नव्हती. गरज पडली नव्हती, आणि दुसऱ्यांच्या मर्यादा ठरवण्यात स्वतःची विचारायचं राहूनच गेलं होतं.

मार्चच्या मध्याला त्या सोनखाडीला गेल्या. खाडीच्या काठानं जाणारा रस्ता, एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला करड्या पत्र्याचे लांबलचक कारखाने. गेटाबाहेरच्या शेडमध्ये एक बाई त्यांची वाट पाहत उभी होती. चाळिशीची, ठेंगणी, कंपनीचा निळा कोट अजून अंगात, पण त्यावरचं ओळखपत्र काढून घेतलेलं.

"मी निर्मला घरत. त्या नवांपैकी," ती म्हणाली. "तुम्ही येणार असं कळलं, म्हणून थांबले. आत गेल्यावर तुम्हाला सगळं चकाचक दिसेल. जरा आमचं पण ऐका."

"बोला ना."

"अकरा वर्षं मी भरणीच्या मशीनवर होते. साधा खोकला कधी झाला नाही. मग ही पाटी आली. माझी निघाली अकरा. आधी पॅकिंगला पाठवलं, मग म्हणाले तिथंही वाफ येते, घरी बसा. माझा नवरा आतच आहे, जनार्दन. त्याची नव्वद. त्याला आता गोंदाच्या टाकीपाशी उभं करतात, कारण त्याला चालतं. तोही छाती काढून सांगतो सगळ्यांना. मॅडम, मला एक सांगा. हवा पाचवर होती तेव्हा मी ठीक होते ना?"

"होतात."

"मग मी बिघडले कधी? हवा बिघडली तेव्हा ना?"

शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, "मी आत जाऊन बघते. परत येताना बोलू."

गेटावरच्या रखवालदारानं त्यांचं ओळखपत्र यंत्रापुढे धरलं. पडदा लाल झाला. त्यानं पुसून पुन्हा धरलं. पुन्हा लाल.

"मॅडम, तुम्हाला सोडता येत नाही," तो ओशाळून म्हणाला. "तुमची पाटी सहा आहे."

"किती?"

"सहा. इथं एवढी कमी मी पाहिलेली नाही."

मागे शेडमध्ये उभ्या असलेल्या निर्मलाला ते ऐकू गेलं. ती पुढे आली, आणि भर उन्हात उभ्या राहिलेल्या शर्मिष्ठाबाईंच्या हाताला धरून तिनं त्यांना शेडमधल्या बाकावर बसवलं.

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती आणि शर्मिष्ठाबाईंच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही होतं. टेरोनिलवरचा पहिला अभ्यास पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत झाला होता. २०१३ ते २०१६, तीन वर्षं, रोज सात-आठ तास, त्या स्वतः टेरोनिलच्या हवेत काम करत होत्या.

आयुष्यातली सगळ्यांत आनंदाची वर्षं कुठली असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी तीच सांगितली असती. दारापाशी शिरीषाचं झाड होतं, आणि वैशाखात त्याची फुलं प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत उडत येत. वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची काच वर राहायची नाही, म्हणून तिला लाकडाची पाचर लावलेली असे. उंदीरघर सांभाळणारा बाबू शेलार उंदरांना गाणी म्हणून दाखवायचा आणि म्हणायचा, गाणं ऐकलं की वजन चांगलं भरतं. जयंती अभ्यंकर नावाची मैत्रीण होती. तिला हसू आवरायचं नाही, आणि ती हसली की तराजूचा काटा हलतो म्हणून सर तिला बाहेर पाठवायचे. शनिवारी कोऱ्या गाळणकागदावर भेळ व्हायची, ती मात्र बाहेर, झाडाखाली. आत पाणीसुद्धा प्यायचं नाही हा सरांचा नियम.

आणि सरांचा आणखी एक नियम होता, ज्याचा तेव्हा सगळ्यांना राग यायचा. आतली हवा दर तासाला मोजायची आणि रजिस्टरमध्ये लिहायची. आकडा चारच्या वर गेला की काम बंद, सगळे बाहेर. टेरोनिलची मर्यादा तेव्हा ठरलेलीही नव्हती. अभ्यास त्याचसाठी चालला होता. तरी सर हटत नसत. एकच पंखा होता, त्यामुळे आकडा सारखा चढायचा. दुसरा पंखा येईपर्यंत सहा महिने काम निम्म्या वेगानं चाललं. शर्मिष्ठाचा पहिला शोधनिबंध त्यात मागं पडला. एकदा चिडून ती म्हणाली होती, "सर, उंदरांनी पाचशे सोसलंय. आपण काय चारला मरणार आहोत?"

सरांनी फक्त दाराकडे बोट केलं होतं. मग सगळे जण शिरीषाखाली जाऊन बसले होते, आणि तिनं दोन दिवस सरांशी बोलणं टाकलं होतं.

सरांची मर्यादा चार. तिची पाटी सहा.

पुढच्या रविवारी त्या मिरजेला गेल्या. पिंगेसर आता चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि मुलीकडे राहत. अंगणातल्या आरामखुर्चीत ते बसले होते. अंगानं निम्मे झालेले, पण बाह्या तशाच दुमडलेल्या. अलीकडच्या गोष्टी त्यांना आठवत नसत, जुन्या मात्र लख्ख आठवत.

"शर्मिष्ठा ना? काळे मणी घातलेली. माझ्याशी दोन दिवस अबोला धरलेली."

त्या हसल्या आणि त्यांच्या पायांशी पायरीवर बसल्या. बराच वेळ दोघं जुन्या माणसांबद्दल बोलत राहिली. जयंती कॅनडाला गेली होती आणि तिकडे आजी झाली होती. बाबू शेलार दहा वर्षांपूर्वी गेला. झाड रस्तारुंदीत तोडलं. संस्थेची इमारत पाडून तिथं आता पाट्या वाढवण्याचं केंद्र झालं होतं, हे ऐकून सर मनापासून हसले.

मग शर्मिष्ठाबाईंनी विचारलं, "सर, त्या सहा महिन्यांत तुम्ही चारचा आकडा का धरून बसला होतात? तुमच्याकडे काही पुरावा होता का?"

"छे. पुरावा कुठला? उंदरांचे पहिले आकडे बघून घातलेले दोन भागाकार, आणि वर थोडी भीती." सरांनी खुर्चीच्या हातावर बोट फिरवलं. "संचालक म्हणाले, पिंगे, पन्नासपर्यंत करा काम, माणसांना काही होत नाही. सातारच्या केंद्राचं पद मला मिळणार होतं त्या वर्षी. म्हणाले, असा उशीर लावणारा माणूस तिकडे काय कामाचा? नाही मिळालं. मी म्हटलं, माझ्या खोलीत अकरा पोरं आहेत. त्यांतलं कच्चं कोण ते मला सांगा, मी त्याला बाहेर बसवतो आणि पन्नासवर करतो काम. त्यांना सांगता येईना."

"आज सांगता आलं असतं, सर," शर्मिष्ठाबाई हळूच म्हणाल्या. "ती मी होते."

त्यांनी पाटीची गोष्ट सांगितली. सर ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण शर्मिष्ठाबाईंना वाटलं होतं तसं ते वाचवल्याचं समाधान नव्हतं.

"म्हणजे तेव्हा हे यंत्र असतं," ते म्हणाले, "तर मी तुला घेतलंच नसतं."

हे शर्मिष्ठाबाईंच्या मनातही आलं नव्हतं.

"मुलाखतीच्या आधीच तुझा अर्ज बाजूला पडला असता. माझ्या टेबलापर्यंत आला नसता. आणि मला वाटलं असतं, मी एका मुलीचं भलं केलं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला आता खडू नव्हता. "शर्मिष्ठा, ते यंत्र खोटं नाही ना?"

"नाही सर. एकदम खरं आहे."

"मग भांडण यंत्राशी करू नकोस. त्याला विचारायचा प्रश्न बदल."

मिरज ते पुणे शर्मिष्ठाबाई तो नवा प्रश्न जुळवत राहिल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी अहवाल लिहिला. बासष्ट पानांत एकही कडवट शब्द नव्हता. प्रतिदेह हे आजवरचं सर्वांत अचूक साधन आहे, असं पहिल्याच पानावर होतं. पण ते साधन एकेका कामगाराला मर्यादेत बसवण्यासाठी वापरू नये, मर्यादा माणसांना बसते की नाही हे तपासण्यासाठी वापरावं. उपलब्ध सर्व पाट्यांमध्ये सर्वांत कमी जी असेल, तिच्याखाली सर्वांची हवा असावी. टेरोनिलच्या बाबतीत ती पाटी सहा आहे, म्हणून मर्यादा पाचच राहावी. कामगाराची पाटी त्याची स्वतःची आणि त्याच्या डॉक्टरची असावी, मालकाची नव्हे. आणि सहा ही पाटी कुणाची, याच्या तळटीपेत त्यांनी आपलं नाव लिहिलं होतं.

निरंजननं अहवाल वाचला आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, तळटीप काढा."

"का?"

"हे छापलं की तुम्हाला देशातल्या एकाही कारखान्यात आत जाता येणार नाही. टेरोनिलच नाही, तुमची सगळीच पाटी लोक मागतील. तुमचं कामच संपेल. नाव न लिहिता 'एक नमुना' म्हणा."

"नमुन्यासाठी कुणी पंखे बसवत नाही, निरंजन."

"आणि सोनखाडीवाले हा अहवाल घेणारच नाहीत. दुसऱ्याकडून लिहून घेतील."

"घेऊ देत. मर्यादा मंजूर करणाऱ्या सरकारी समितीपुढे मी स्वतः जाऊन वाचेन."

तो उठून खिडकीशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "तुम्ही मला शिकवायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या दिवशी फळ्यावर पाचशे लिहिलं होतंत. मी दुसऱ्या भागाकाराला हसलो होतो. म्हटलं होतं, हे म्हणजे आईनं जास्तीचा स्वेटर घालण्यासारखं झालं."

"आठवतं."

"माझ्या मुलीची पाटी गेल्या महिन्यात आली." तो वळला. "टेरोनिलची नाही, पंधरा साध्या रसायनांची असते ती, शाळेत मागतात. दोन ठिकाणी खूप कमी आहे. आम्ही अजून शाळेत दिलेली नाही. बायको म्हणते, हरवली म्हणून सांगू."

निरंजननं अहवाल उचलला, शेवटचं पान उघडलं, आणि शर्मिष्ठाबाईंच्या सहीखाली आपली सही केली.

सुनावणी मुंबईत जूनमध्ये झाली. अहवाल सोनखाडीवाल्यांनी परत केला होता, म्हणून निरंजनच्या कंपनीनं तो स्वतःच्या नावानं समितीला दिला. त्यापायी तीन मोठी कामं हातची गेली. समितीतल्या एका सदस्यानं शर्मिष्ठाबाईंना सरळच विचारलं, "तुमचा यात वैयक्तिक संबंध आहे, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे," त्या म्हणाल्या. "इथं बसलेल्या प्रत्येकाचा आहे. मला माझा आकडा कळलाय, इतकाच फरक."

दुसरा म्हणाला, "मूठभर लोकांसाठी सगळं उत्पादन अडवायचं?"

तेव्हा मागच्या बाकावरून निर्मला घरत उभी राहिली. तिला बोलायची परवानगी नव्हती, आणि तिनं ती मागितलीही नाही. "साहेब, आज टेरोनिलला आम्ही नऊ जण," ती म्हणाली. "उद्या दुसरं काही येईल, त्याला दुसरे नऊ निघतील. तुम्ही किती वेळा मोजणार? शेवटी आत कोण राहील?"

तिला खाली बसायला सांगण्यात आलं. ती बसली. तिच्या शेजारी तिचा नवरा जनार्दन होता, नव्वद पाटीचा. तो सगळा वेळ खाली मान घालून बसला होता. पण ती बसताना त्यानं सरकून तिला जागा दिली.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. पूर्ण विजय नव्हता. टेरोनिल आणि त्याच्या जातीच्या अकरा रसायनांसाठी सर्वांत कच्च्या पाटीखालची सामाईक मर्यादा मान्य झाली, बाकीच्यांचा विचार पुढं ढकलला. पाटीची मालकी कामगाराची, हे मात्र सगळ्यांसाठी ठरलं. सोनखाडीत नवे पंखे आले. जनार्दन टाकीपासून हलवला गेला आणि महिनाभर कुरकुरत राहिला, की माझी नव्वदची पाटी आता शोभेलाच. निर्मला पुन्हा भरणीच्या मशीनवर उभी राहिली. तिनंच फोन करून सांगितलं.

"आठ जण आत आलो, मॅडम. नववा नाही आला. सदाशिव म्हसकर. तो खाडीपलीकडे दांड्याला गेला, काकाच्या लाँचवर. बोलावलं तर म्हणतो, नको."

शर्मिष्ठाबाईंना आता कारखान्यांची कामं मिळत नव्हती. निरंजननं भाकीत केलं तसंच झालं होतं. वेळ होता. गणपती झाल्यावर एका सकाळी त्या सोनखाडीच्या धक्क्यावर गेल्या. पलीकडे दांडा गावी जाणारी जुनी डिझेलवरची लाँच लागलेली होती, आणि सुकाणूपाशी एक सावळा, रुंद खांद्यांचा माणूस दोर गुंडाळत होता.

"सदाशिव म्हसकर?"

"मीच. तुम्ही त्या रिपोर्टवाल्या मॅडम," त्यानं लगेच ओळखलं. "निर्मलाताईनं फोटो दाखवला होता. मला परत न्यायला आलात का?"

"नाही. भेटायला आले. तुम्ही का येत नाही, ते विचारायला."

सदाशिवनं दोर ठेवला. "सोळा वर्षं होतो मी तिथं. मशीन बंद पडलं की पहिली हाक मला. नुसता आवाज ऐकून सांगायचो काय बिघडलंय ते. दुपारी डबे उघडले की माझ्या डब्यातली सुकट सगळे पळवायचे. अजून दुपारचा एक वाजला की मला ती खोली आठवते." त्यानं पाण्याकडे पाहिलं. "पण ज्या दिवशी माझी पाटी नऊ आली ना, त्या दिवशी त्याच पोरांनी डबे घेऊन बाक बदलला. जसं काही माझं लागणार होतं त्यांना. वाईट नव्हते हो ते. घाबरले होते. पण आता तिथं बसून जेवण जाणार नाही मला."

शर्मिष्ठाबाईंना शिरीषाखालची भेळ आठवली. अकरा जण, एक कागद, आणि कुणाचाच आकडा कुणाला माहीत नाही. त्यांना वाटलं, आपण हवा परत आणली, पंखे आणले, कायदा आणला. तो बाक मात्र परत आणता आला नाही. ते कुठल्याच अहवालात मावणारं नव्हतं.

"मला तुम्हाला आधीच भेटायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी उशीर केला."

"तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?" सदाशिव म्हणाला. "चला, बसा. पलीकडे जाऊन येऊ. बायको चहा करेल."

त्यानं हात देऊन त्यांना लाँचमध्ये घेतलं. त्या मागच्या फळीवर, इंजिनाजवळच्या रिकाम्या जागेत बसल्या. पुढं टोपल्या घेऊन कोळणी बसल्या होत्या. सदाशिव इंजिनाच्या हँडलला हात घालणार, एवढ्यात थांबला.

"खरंच तुमची सहा आहे?"

"हो."

"म्हणजे माझ्याहून कच्च्या." त्याला हसू आलं, आणि लगेच त्यानं ते आवरलं. मान वर करून त्यानं वारा कुठून येतोय ते पाहिलं. "मग तिथं नका बसू. इंजिन सुरू झालं की सगळा धूर मागं येतो." तो पुढं वाकून ओरडला, "ए पारू मावशी, टोपली जरा सरकव. मॅडमना पुढं बसू दे, वाऱ्याला."

पारू मावशीनं कारण विचारलं नाही. तिनं टोपली मांडीवर घेतली, शेजारणीला कोपरानं पलीकडे ढकललं आणि फळीवर हात आपटून म्हणाली, "ये गं, ये. मायंदळ जागा आहे."

शर्मिष्ठाबाई तोल सावरत पुढं गेल्या आणि त्या दोघींच्या मध्ये बसल्या. मागं इंजिन धडधडत सुरू झालं. काळा धूर उठला आणि मागच्या मागं पाण्यावर पसरत गेला. समोरून खाडीचा खारा वारा येत होता. त्यांनी तो छातीभर घेतला.